ओयदिनची सही

चिठ्ठीत लिहिलं होतं की ओयदिनला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मोहल्ल्यातल्या बायकांची कामं बघणारी मेहरी ओपा, म्हणजे मेहरीताई, ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून घेऊन आली होती आणि द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मोठ्याने वाचून दाखवत होती. "सात वर्षांपूर्वी, तिसऱ्या सिझेरियनच्या वेळी, सदर महिलेच्या नकळत आणि तिची संमती न घेता तिच्या नळ्या बांधण्यात आल्या. सदर महिलेचा पुनर्विवाह झाला असून तिच्या पतीला अपत्य नाही. तरी उपचारांच्या यादीत तिचं नाव घ्यावं, ही विनंती."

सदर महिला चहा ओतत होती. सुनेने पेला अर्ध्याच्या खालीच भरायचा असतो, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता येतो. ओयदिनने मेहरी ओपाचा पेला काठोकाठ भरला. इथे मार्गिलानमध्ये असा पेला पुढे आला की पाहुण्याने चपला शोधायच्या असतात.

सासूने, हनिफाने, तो पेला पाहिला, उचलला आणि स्वतः पिऊन टाकला.

"हात थरथरतो तिचा," ती मेहरीला म्हणाली. "जुनं आठवलं की होतं असं."

"होणारच हो! बिचारीवर काय गुदरलंय." मेहरी ओपाने चिठ्ठीची घडी घातली. "जिल्ह्याच्या फुकट उपचारांच्या यादीत यंदा आपल्या मोहल्ल्यातून एकच नाव जायचंय. मी म्हटलं, जिच्यावर अन्याय झालाय तिलाच आधी. इथे खाली सही कर, ओयदिन."

"अन्याय नाही झाला, ओपा."

"अगं, तुला कळलं नसेल तेव्हा. भूल दिलेली असते."

"कंबरेखाली दिली होती. डोकं जागं होतं."

हनिफाने खाकरून घसा साफ केला. "शुक्रवारी आमच्याकडे बायकांची बैठक आहेच. तेव्हा करेल ती सही, सगळ्यांसमोर. साक्षीदार पण होतील."

मेहरी ओपा गेल्यावर हनिफाने सुनेकडे पाहिलंही नाही. नानाची टोपली फडक्याने झाकता झाकता ती म्हणाली, "स्वतःहून करून घेतलं म्हणालीस तर लोक विचारतील, कसली बाई घरात आणली? न विचारता केलं म्हणालीस तर गळ्यात पडून रडतील. तूच ठरव, काय हवंय."

"मला रडायला कुणी नकोय, आई."

"मूल हवंय ना?"

ते खरं होतं. मूल हवं होतं. हे तिने स्वतःला घाईने नाही, वर्षभर थांबून, चार-पाच वेळा विचारून घेतलं होतं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं.

*

ओयदिन रेशमाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सांधायची. मागावरचं जुनं रेशीम विणून संपत आलं की विणकर शेवटची वीतभर टोकं फणीत तशीच ठेवतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना बांधावा लागतो. दोन हजारांच्या वर धागे असतात. बोटांना थुंकी लावायची, दोन टोकं एकत्र पिळायची, वळवून ओढायची. ओयदिनची गाठ नखालासुद्धा लागत नसे. गाठ धरली म्हणजे काम झालं, असं नवशिक्यांना वाटतं. खरी परीक्षा नंतर असते. सगळा ताणा हळूहळू पुढे ओढायचा आणि त्या दोन हजार गाठी फणीच्या दातांमधून पार करायच्या. जाड गाठ दातात अडकते आणि धागा तुटतो.

सात वर्षांपूर्वीही ती हेच काम करायची. पहिला नवरा नोसिर तेव्हा रशियात बांधकामावर होता. तो वर्षातून एकदा येई, महिनाभर राही आणि तिला दिवस गेलेले ठेवून परत जाई. पाच वर्षांत तीन मुलं झाली, तिन्ही पोट उघडून. तिसऱ्या वेळी डॉक्टर मुकद्दसने पडद्याच्या पलीकडून सांगितलं, "ओयदिन, जुना व्रण इतका पातळ झालाय की त्यातून बाळाचे केस दिसतायत."

त्या आधीच्या आठवड्यात मुकद्दसने तिला तीन वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. तिन्ही दिवशी ओयदिन हो म्हणाली होती. कागदावर दोन सह्या लागायच्या. नोसिर फोनवर म्हणाला, "मी आल्यावर बघू." तो आला की काय होतं, ते ओयदिनला पाठ होतं. नवऱ्याच्या रकान्यात मुकद्दसने लिहिलं, 'परगावी', आणि ओयदिनच्या एका सहीवर काम केलं.

नोसिरने पुढे तिकडेच दुसरा संसार थाटला आणि फोनवरूनच तीनदा तलाक म्हणून मोकळा झाला. दोन वर्षांपूर्वी रेशीम रंगवणाऱ्यांकडे कामावर तोलिब भेटला. विधुर, मूलबाळ नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. लग्नाची गोष्ट निघाली त्याच दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हात धूत राहिला. निळा रंग काही निघाला नाही. मग म्हणाला, "तीन आहेत की. तीन म्हणजे काय कमी झाली?"

त्याने त्यानंतर कधी विषय काढला नाही. विषय तिने काढला होता.

*

बुधवारी ओयदिन आणि तोलिब फरगाना शहरातल्या दवाखान्यात गेली. दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीची असेल, केस कापलेले, बोलणं नेमकं. तिने आधी तोलिबला तपासणीला पाठवलं. तो गेला आणि कानांच्या पाळ्या लाल करून परत आला. त्याचं सगळं ठीक निघालं. मग ओयदिनच्या पोटावर यंत्र फिरवून डॉक्टरीण पडद्याकडे बघत राहिली.

"व्रणाची जाडी तीन मिलिमीटर."

"पुरेशी आहे?"

"पुरेशी म्हणता येईल. भरपूर म्हणणार नाही." तिने हात पुसले. "दोन रस्ते आहेत. एक, पोट उघडून नळ्या पुन्हा जोडायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने. जमलं तर मग दर महिन्याला नैसर्गिक संधी. दुसरा, नळ्यांना हातच लावायचा नाही. बीज काढून घ्यायचं, बाहेर गर्भ तयार करायचा आणि पिशवीत ठेवायचा."

"जोडलेलं धरेल?" तोलिबने विचारलं.

"बहुतेकदा धरतं."

"धरेल," ओयदिन म्हणाली. "पण त्यातून पार होईल का?"

डॉक्टरिणीने मान वर केली.

"मी रेशीम सांधते," ओयदिन म्हणाली. "गाठ घट्ट बसते, पण जाड झाली तर फणीत अडकते. नळीच्या जोडावर तसं काही अडकत असेल ना?"

"अडकतं. गर्भ नळीतच राहतो. शंभरातल्या पाच-सात जणींना होतं, कधी जास्त. वेळेवर कळलं नाही तर नळी फुटते." डॉक्टरिणीने खुर्ची पुढे ओढली. आता ती तोलिबकडे बघतच नव्हती. "नळी किती उरलीय त्यावर बरंच आहे. चार सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मी हात लावणार नाही. तुमच्या कशा बांधल्या, कुठे कापल्या, किती कापल्या, याची नोंद आहे का? मोहल्ल्याची चिठ्ठी आलीय फोनवर. त्यात 'नकळत' लिहिलंय. नकळत म्हणजे नोंद नाही. मग पोट उघडूनच बघावं लागेल."

"नोंद आहे," ओयदिन म्हणाली. "चिठ्ठी खोटी आहे."

परतीच्या गाडीत तोलिब खिडकीबाहेर बघत बसला होता. शहर मागे पडल्यावर म्हणाला, "ती चिठ्ठी नसली तर यादीत नाव लागणार नाही. आपल्यालाच सगळं करावं लागेल."

"माहीत आहे."

"वर्ष जाईल पैसे जमवायला."

"तेही माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं? सही करू?"

तो हसला. "तुम्ही माझं ऐकून कधी सही केलीय?"

*

डॉक्टर मुकद्दस दोन गल्ल्या सोडून राहायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तिच्या दारावरून जाताना बायका झपझप पावलं टाकत आणि सुना डोक्यावरचे रुमाल सावरत. 'हीच ती, बायका कापणारी,' असं पाठीमागे म्हणत. ओयदिन आत शिरली तेव्हा ती जर्दाळूच्या बिया फोडत होती.

"आलीस? ऐकलंय मी. मेहरीची चिठ्ठी भिंतींनाही पाठ झालीय." तिने एक बी ओयदिनच्या हातावर ठेवली. "कर सही. माझं काय जाणारे? पेन्शन? सलाम करणारं तसंही कुणी उरलं नाही."

"मला नोंद हवीय, डॉक्टरबाई."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन एक जाड वही घेऊन आली. सरकारी नव्हे, स्वतःची. प्रत्येक बाईचं एक पान. तिने चष्मा नाकावर ओढला.

"उजवी नळी मधोमध बांधली, दोन सेंटिमीटर कापली. उरलेली चांगली लांब आहे. डावी आतड्याला चिकटलेली होती. ती पिशवीजवळच कापावी लागली. तिचा नाद सोड. आणि पोट आतून सगळं चिकटलेलं, हे मी तेव्हाच लिहून ठेवलंय. जो कुणी पुन्हा उघडेल त्याचे हाल आहेत. तुझे त्याहून." तिने पान उलटलं. मागच्या बाजूला संमतीचा कागद चिकटवलेला होता. ओयदिनची सही, सत्ताविसाव्या वर्षी केलेली, 'न'ची शेपूट उगाच लांब ओढलेली.

"विचारलं नाही म्हणणाऱ्या किती जणींचे कागद आहेत यात?" ओयदिनने विचारलं.

"पुष्कळ. माझ्याकडच्या सगळ्यांचे आहेत." मुकद्दसने वही मिटली. "नवरा विचारतो, सासू विचारते. बाई काय सांगणार? सगळ्यात सोपं, डॉक्टरने केलं. मी कधी तोंड उघडलं नाही. माझ्यावर ढकलून घरी सुखाने नांदत असतील तर नांदू देत."

"आणि ज्यांना खरंच नाही विचारलं?"

म्हातारीचा हात बियांवर थांबला. "त्याही आहेत. माझ्याकडच्या नाहीत, पण आहेत. आता कुणाचं खरं आणि कुणाचं उसनं, ते कोण ओळखणार?"

ओयदिनला एक जण माहीत होती. तिची मावसबहीण गुलसारा, आता याच मोहल्ल्यात राहणारी. खेड्यात एकच मूल झालेलं, दुसऱ्यासाठी तीन वर्षं पिरांच्या दर्ग्यांचे उंबरठे झिजवले, आणि मग एका तपासणीत कळलं की कुणीतरी केव्हाच कापून ठेवलंय. गुलसारा कोर्टाच्या पायऱ्या चढली, तेव्हा तिथला कारकून तिला म्हणाला होता, "तुम्ही सगळ्या हेच सांगता."

*

शुक्रवारी हनिफाच्या अंगणात अकरा बायका जमल्या. महिन्याची बैठक, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. मोठ्या कढईत गाजराचा पुलाव, वर कोहळ्याच्या समोशांची परात. हसणं, टोमणे, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. साओदत नावाची जाडजूड विणकरीण सगळ्यांत मोठ्याने हसत होती. चहा दुसऱ्यांदा फिरल्यावर मेहरी ओपाने चिठ्ठी काढली आणि आवाज खाली आणला.

"आपल्या ओयदिनवर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे."

"अरेरे," दोघी-तिघी म्हणाल्या.

"माझ्यावरही तेच झालं," साओदत मांडीवर थाप मारून म्हणाली. "त्याच मुकद्दसने. हात झडोत तिचे! चार पोरांवर थांबवलं मला, नाहीतर—"

"नाहीतर तुझ्या नवऱ्याला अंगणात झोपावं लागलं असतं," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मेहरी ओपाने पेन पुढे केलं. ओयदिनने चहाची किटली खाली ठेवली, चिठ्ठी घेतली, उभ्यानेच वाचली आणि 'नकळत' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. मग 'संमती न घेता' यावर. मग पूर्ण ओळीवर. त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्या इच्छेने', आणि खाली सही केली.

"हे काय केलंस?" मेहरी ओपा म्हणाली.

"मला तीनदा विचारलं होतं. मी तीनदा हो म्हणाले. सही माझी आहे, मी परवा पाहून आले."

कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

"स्वतःच्या हाताने कूस बंद केलीस?" एक म्हातारी म्हणाली. "मग आता कशाला हवंय मूल? आता रडू नकोस."

"मी रडले कधी, आजी? तेव्हा नको होतं, तेव्हा बांधल्या. आता हवंय, आता बघतेय. पोट माझंच होतं तेव्हाही."

"यादीत नाव नाही लागणार असल्या चिठ्ठीवर!" मेहरी ओपाचा चेहरा लाल झाला होता.

"नका लावू. गुलसाराचं लावा. माझ्या मावशीची मुलगी. तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं. ती तोंड उघडते तेव्हा लोक म्हणतात, सगळ्याच हे सांगतात. का म्हणतात? आपण सगळ्या तेच सांगतो म्हणून. तिचं दुःख अंगावर पांघरून मी यादीत नाही बसणार. आणि जिने माझा जीव वाचवला तिला गल्लीत मान खाली घालायला नाही लावणार."

"नोसिरला काय सांगितलं होतंस तेव्हा?" म्हातारीने खोचून विचारलं.

"हेच. तो म्हणाला, तू बाईच नाहीस. मी म्हटलं, मग तिघांना कोणी जन्म दिला, शेजाऱ्याने?"

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. हनिफा उठली, किटली घेऊन आत गेली आणि पाहुण्या जाईपर्यंत बाहेर आली नाही.

बायका लवकर उठल्या. दारात चपलांची गर्दी झाली. साओदत सगळ्यांत मागे राहिली. एवढी मोठ्या आवाजाची बाई, वाकून चपलेचा पट्टा लावत होती आणि तो लागत नव्हता.

"मलाही विचारलं होतं," ती खाली बघतच म्हणाली. "दोनदा."

"तीनदा," ओयदिन म्हणाली. "डॉक्टरबाई सगळ्यांना तीनदा विचारायच्या."

साओदत पट्टा न लावताच निघाली. रोजच्या डावीकडे न वळता ती उजवीकडे, मुकद्दसच्या गल्लीकडे वळली. ती तिथे पोचली की नाही, हे ओयदिनने कधी विचारलं नाही.

*

त्यानंतर हनिफा अकरा महिने सुनेशी बोलली, पण फक्त कामापुरतं. मीठ कुठे आहे, दार लाव, पीठ संपलं. मेहरी ओपाने ती चिठ्ठी फाडून टाकली, पण गुलसाराचा अर्ज तिने स्वतः लिहून दिला, कुरकुरत आणि दोनदा शाई सांडत. ओयदिनने दिवसाला एकाऐवजी दीड ताणा सांधायला घेतला. तोलिबच्या हातांचा निळा रंग खांद्यापर्यंत चढला.

त्या महिन्यांत तिने मुकद्दसच्या वहीतलं पान पुन्हा पुन्हा मनात वाचलं. जोडायचं म्हटलं तर तीनदा उघडलेलं पोट चौथ्यांदा उघडायचं, आणि मूल राहिलं तर पाचव्यांदा. उपयोगी नळी एकच, तिच्या जोडावर अडकायची भीती. आणि सगळं सुरळीत झालं तरी एक गोष्ट होती, जी डॉक्टरिणीच्या कागदावर नव्हती. जोडलेली नळी उघडीच राहणार. मग दर महिन्याला सासू कॅलेंडर बघणार, गल्ली पोट बघणार, आणि एक मूल झाल्यावर दुसऱ्याचा विषय निघणार. एकदा तिने दार लावलं होतं. ते मोडून पुन्हा सगळ्यांसाठी सताड उघडं ठेवायची तिची तयारी नव्हती.

"नळ्या बांधलेल्याच राहू देत," ती तोलिबला म्हणाली. तो रंगाच्या माठातून रेशमाची लड वर काढत होता. "बाहेरून करू. एका वेळी एकच गर्भ, जुळी या व्रणाला झेपणार नाहीत. दोन वेळा प्रयत्न. तिसऱ्यांदा नाही."

"आणि दोनदात नाही झालं तर?"

"तर तीन आहेत. तीन म्हणजे काय कमी झाली?"

तो लड पिळत राहिला. "माझंच वाक्य माझ्यावर फेकता तुम्ही," तो म्हणाला.

एप्रिलच्या एका सकाळी दोघं फरगानाला निघाली. इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस तिथे जवळच राहायचं होतं. मुलांच्या पिशव्या, सूचना, पुन्हा सूचना. ओयदिन दारापाशी आली तेव्हा हनिफा उंबरठ्यात उभी होती. तिच्या हातात ताजा नान होता, अजून गरम. प्रवासाला जाणाऱ्याने नानाचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान घरात टांगून ठेवायचा, म्हणजे माणूस तो संपवायला परत येतोच. मुलगा परगावी निघाला की हनिफा असा नान धरायची. सुनेसमोर तिने तो कधी धरला नव्हता.

ओयदिनने वाकून काठाचा एक घास दातांनी तोडला.

"एकच मूल म्हणालीस?" हनिफाने विचारलं. कामाशिवायचं हे अकरा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"एकच."

"आणि दोनदाच जायचं?"

"दोनदाच."

"मी हात जोडले तरी तिसऱ्यांदा नाही?"

ओयदिनने घास नीट चावून गिळला.

"तुम्ही हात जोडलेत, आई, तर मग मुळीच नाही."

हनिफाने तिच्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं आणि नान घेऊन वळली. "निघा आता. गाडी चुकेल," ती पाठमोरीच म्हणाली. मग स्टूल ओढून त्यावर चढली आणि दाराच्या आतल्या खिळ्याला तो नान टांगला, दातांच्या खुणेची बाजू बाहेर करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.